सहाव्या नंबराचा नारळ

आपल्या शाळेच्या क्रीडास्पर्धांत पहिल्या तिघांना प्रशस्तिपत्रं मिळायची आणि सहाव्याला नारळ. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हे काही केल्या उमगायचं नाही. एका वर्षी प्रमुख पाहुण्यांनी यादीत चूक झाली असेल असं समजून तो नारळ चौथ्या आलेल्या मुलाच्या हातात दिला. पी. टी.च्या सरांनी भर मंडपात तो परत घेतला आणि माइक धरून खाशाबांची गोष्ट सुरू केली. पाहुण्यांचं भाषण त्या दिवशी राहूनच गेलं, आणि त्याची हळहळ कुणालाच वाटली नाही.

गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले. तांबड्या मातीत घडलेला गडी, मॅटची सवय नाही, तरी फ्लायवेट गटात सहावा आला. "सहावा!" सर असे गरजायचे की मागच्या रांगेतली पोरं सावरून बसायची. जगात सहावा आलेल्या माणसाला घरी परतल्यावर 'मग पदक कुठाय?' असंच विचारणार ना आपण? हा प्रश्न सर आम्हालाच विचारायचे, आणि आम्हाला खाली बघावं लागायचं.

पुढची खेप १९५२ ची, हेलसिंकीची. जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. इथे सर थोडं थांबत. वर्गातल्या निम्म्या घरांवर सोसायटीचं कर्ज असायचं, त्यामुळे गहाण म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं, लिएंडर पेसचं.

मिरवणुकीचं वर्णन ऐकावं ते सरांच्याच तोंडून. कराड स्टेशनापासून बैलगाड्यांची रांग लागलेली, एरवी पाव तासाचा रस्ता आणि त्याला लागले सात तास. गाड्यांचा आकडा मात्र दर वर्षी वाढायचा. आम्ही पाचवीत होतो तेव्हा शंभर होत्या, दहावीपर्यंत दीडशेच्या वर गेल्या. कुणी बोट ठेवलं तर सर म्हणत, "अरे, उशिरा आलेल्या गाड्या मोजायच्या राहिल्या होत्या."

पण सरांचा खरा जीव मिरवणुकीनंतरच्या भागात होता. गुलाल झटकून खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, त्यात स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. पुढे १९५५ साली ते पोलिसांत फौजदार झाले. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, पद्म पुरस्कार तर मिळालाच नाही. हे सांगताना सरांचा आवाज चढायचा. आज माझाही चढतो.

तर नारळाकडे येतो. आमच्या वर्गातला एक जण आठशे मीटरमध्ये सहावा आला. त्याची आजी दारातच उभी होती. नारळ दिसला तशी, पोरगा पहिला आला असं धरून तिने घरातली साखर वाटायला काढली. संध्याकाळी सर सायकलवरून मुद्दाम खुलासा करायला गेले. आजीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सहावा आला व्हय? मग सहाच घरांत वाटते."

असाच एक जण दहावीला गणितात गेला. निकालाचा पेपर आला तेव्हापासून उसात दडून बसला होता. बापाने हाका मारल्या, चुलत्याने मारल्या, पोरगा काही बाहेर येईना. शेवटी सर बांधावर जाऊन बसले आणि उसाकडे तोंड करून गोष्ट सांगू लागले, थेट लंडनपासून. हेलसिंकी आलं, मिरवणूक निघाली, आणि सर म्हणाले, "पंच्याहत्तर बैलगाड्या!" उसातून आवाज आला, "सर, दीडशे." पोरगा बाहेर आला. ऑक्टोबरला गणित सुटलं. आज तालुक्यात निम्म्या ट्रॅक्टरांची इंजिनं तोच उघडतो.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त एक मागणी करतो. सभागृहातल्या लाकडी फलकांवर पहिल्या आलेल्यांचीच नावं आहेत. ती असावीतच, त्या मुलांनी घाम गाळलाय. पण शेजारी एक फलक सहाव्यांचाही हवा. क्रीडास्पर्धांच्या जुन्या वह्या कार्यालयातल्या कपाटात आहेत, सरांच्या अक्षरातल्या, नावं तिथे सापडतील. लाकूड, रंग आणि पेंटरची मजुरी आमची बॅच देईल. वरच्या ओळीत नाव कुणाचं लिहायचं, ते सांगायला नकोच. फलक बसवायच्या दिवशी नारळ आम्हीच घेऊन येऊ.