दादाच्या फाइलमधले प्लेटलेट

सोनोग्राफीच्या कागदावर 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर, ग्रेड टू' असं होतं. सोसायटीत बातमी पोहोचेपर्यंत त्यातलं 'नॉन' गळून गेलं. एकीनं वहिनीला जिन्यात गाठून विचारलंच, "कधीपासून घेतात?" दादा माळकरी. दरवर्षी पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत जाणारा. २०२३ मध्ये डॉक्टर मंडळींनी या आजाराचं नाव बदलून त्यातला दारूचा उल्लेखच काढला. वहिनी म्हणते, जरा आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर दादाला रक्ताची उलटी झाली. एन्डोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँड घातले आणि तेव्हा कळलं, सिरॉसिस, म्हणजे व्रण पडून पडून लिव्हर कडक झालेलं. साखर बारा वर्षांची, पोट सुटलेलं, दारू शून्य.

हॉस्पिटलात बसून करायचं काय, म्हणून मी त्याची फाइल चाळायला घेतली. फाइल म्हणजे साडीच्या दुकानाची पिशवी. २०१६ : प्लेटलेट २ लाख १० हजार. २०१९ : १ लाख ६८ हजार. २०२२ : १ लाख २१ हजार. तिसऱ्या रिपोर्टच्या वेळी मीच म्हणाले होते, "डेंग्यूचे दिवस आहेत," आणि धनकवडीपर्यंत पपईच्या पानांचा रस घेऊन गेले होते. लिव्हर कडक झालं की रक्त मागे तुंबतं, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथेच अडकून पडतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. ग्रेड टू म्हणजे 'तेलकट कमी खा', एवढंच ऐकलं होतं.

नव्या डॉक्टरांनी कॅल्क्युलेटर काढला. एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हरच्या रक्ततपासणीतले दोन आकडे. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं ते हजारातल्या प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, यानं. याला फिब-४ म्हणतात. २०१९ चे आकडे घातले : वय ५४, एसजीओटी ४८, एसजीपीटी ३६. उत्तर २.५७. हे १.३ च्या वर गेलं की फायब्रोस्कॅन करून बघायचा, लिव्हर किती कडक झालंय ते. चरबीचा ग्रेड वेगळा, व्रण किती पडलेत ते वेगळं. नवी तपासणी नाही, नवा खर्च नाही, सगळे आकडे साडीच्या पिशवीत होते. मला राग आला तो याचाच, आणि थोडा स्वतःचाही.

या आजारावर नवी औषधं आलीत. अमेरिकेत त्यासाठी रेस्मेटिरॉमला मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली, सेमाग्लूटाइडला ऑगस्ट २०२५ मध्ये. पण दोन्ही सिरॉसिस होण्याआधीच्या टप्प्यासाठी. दादा ते स्टेशन ओलांडून गेलाय.

मग प्रत्यारोपणाचा विषय निघाला. रक्तगट जुळत होता, मी ४९ ची, म्हटलं माझा तुकडा घ्या, परत वाढतोच. तपासणीत माझंच लिव्हर फॅटी निघालं. दान देणाऱ्याच्या लिव्हरमध्ये इतकी चरबी चालत नाही. द्यायला गेले आणि पेशंट होऊन परत आले! वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरलं तर फरक पडतो म्हणाले. रोज सकाळी तळजाई चढते. ७४ किलोची ६९ झालेय, अजून पुरेसं नाही.

दादाचं मुख्य भांडण एकादशीशी होतं. सिरॉसिसमध्ये फार वेळ उपाशी राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू खातं. त्यामुळे उपास बंद, उलट झोपण्याआधी दूध आणि लाडू, आणि वरण-डाळ पोटभर. पूर्वी अशा पेशंटची डाळ तोडायचे, आता तोडत नाहीत. मीठ मात्र तोडलं, लोणच्याची बरणी वहिनीनं माळ्यावर टाकली. "विठ्ठलाला काय सांगू?" म्हणाला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "माझं नाव सांगा."

डोक्याचंही सांभाळावं लागतं. लिव्हरनं न गाळलेली घाण मेंदूपर्यंत जाते, माणूस गोंधळतो, दिवसा झोपतो. एकदा त्यानं चहात मीठ घातलं आणि प्यायलाही. त्यासाठी लॅक्टुलोजचं गोड सिरप, दिवसाला दोन-तीनदा पोट साफ व्हायला हवं. आमच्या घरी आता सकाळी "चहा झाला का?"च्या आधी "किती वेळा झालं?" विचारतात.

एका नर्सनं सुचवलं, रोज एक ओळ लिहायला लावा. दोनशे पानी वहीत तो रोज 'राम कृष्ण हरी' लिहितो, खाली तारीख. अक्षर नीट असलं की दिवस बरा. कधी 'कृष्ण'चा 'ष्ण' ओळ सोडून खाली घसरतो, तेव्हा वहिनी न बोलता सिरपची बाटली काढते.

यंदा पालखी आली तेव्हा तो भवानी पेठेत खुर्चीवर बसून होता. घरी आल्यावर वही मागितली. त्या दिवशी तीन ओळी लिहिल्या, तिन्ही सरळ.