फुलपाखरांचा धंदा शिकायचाय? आधी गेडेला जाऊन या

फुलपाखरं पाळायचं शिकायचं तरी कुठे, हा प्रश्न माझ्या मावसभावाचा. जुन्नरकडे त्याचं कृषी पर्यटन केंद्र आहे आणि तिथे त्याला फुलपाखरांचं जाळीघर उभारायचंय. एका ऑनलाइन कोर्सचे पैसे भरून झाले होते. प्रमाणपत्र झकास, पण अळ्या पटापट मरायला लागल्या तर काय करायचं, यावर अवाक्षर नाही. म्हणून केनियाच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं तेव्हा तिथल्या गेडे गावाकडे वाट वाकडी केली. तिथल्या अराबुको-सोकोके जंगलाच्या कडेचे शेतकरी १९९३ पासून ‘किपेपेओ’ प्रकल्पासाठी फुलपाखरं वाढवतात आणि त्यांचे कोष परदेशातल्या उद्यानांना जातात. जंगल तोडण्यापेक्षा राखण्यात पैसा आहे हे लोकांना पटावं, हा मूळ हेतू.

बहुतेक पर्यटक प्रदर्शनाच्या जाळीघरात फोटो काढून परततात. ओळखीतून आम्हाला एका शेतकऱ्याच्या परसात जाता आलं, आणि खरी शाळा तिथे होती. फुलपाखरं सोडा, आधी रोपं दाखवली. अळी दिवसरात्र खाते, आणि प्रत्येक जातीचा पाला ठरलेला. तो कमी पडला की सगळं मुसळ केरात. लिंबाच्या झाडावर त्यांनी एक अळी दाखवली, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी. मोठ्या अळीला काडीने डिवचल्यावर तिने डोक्यामागून नारिंगी दुबेळकं बाहेर काढलं आणि असा भपकारा सोडला की भाऊ दोन पावलं मागे! आपल्या अंगणातल्या कढीलिंबाचा फडशा पाडणाऱ्या अळ्या हिच्याच भाऊबंद.

शेजारी सडक्या केळ्यांचा जाळीचा सापळा टांगलेला. कॅरॅक्सिस जातीची फुलपाखरं फुलांवर फिरकत नाहीत, त्यांना हा आंबूस वासच खेचतो. पैदाशीसाठी अशी जंगलातली जोडी अधूनमधून लागतेच.

सगळ्यात जास्त वेळ मी कोष निवडण्याच्या टेबलापाशी उभी होते. काळवंडलेला, हाताला हलका लागणारा किंवा बारीक भोक पडलेला कोष बाजूला. ते भोक म्हणजे परजीवी माशी आतलं सगळं खाऊन पसार झाल्याची खूण. चांगले कोष कापसात गुंडाळून खोक्यात. यातल्या बऱ्याच जातींची फुलपाखरं दोनेक आठवड्यांत बाहेर पडतात, म्हणजे कुरिअर रखडलं की खोक्यातच कारभार आटोपला.

म्हणून कुठलाही कोर्स घेण्याआधी शिकवणाऱ्याला विचारा: तुमची रोपवाटिका कुठे आहे? शंभरातले किती कोष नाकारले जातात, आणि का? कोरड्या महिन्यांत काय विकता? जुन्या विद्यार्थ्यांपैकी आज कोण कोष विकतंय, त्याच्याशी बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नावर जो विषय बदलतो, त्याच्याकडे पैसे भरू नका. कायद्यावर तास नसेल तर तो कोर्सही अर्धाच. टांझानियात २०१६ मध्ये जिवंत वन्यजीवांच्या निर्यातीवर बंदी आली आणि उसंबरा डोंगरात कोष विकणाऱ्या शेतकऱ्यांचा धंदा बसला. आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत बऱ्याच जाती आहेत, त्यामुळे ‘कोष एक्स्पोर्ट करा, लाखो कमवा’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. भावाने आता बंदिस्त जाळीघराचा नाद सोडलाय. कढीलिंब, लिंबू, रुई लावून उघडी बाग करायची, येतील ती फुलपाखरं आपली. मला विचाराल तर हेच शहाणपणाचं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. केनियाची प्रवास परवानगी निघण्याआधी ऑनलाइन काढावी लागते. पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि कार्ड जपा, नाहीतर परतताना भारतात विलगीकरणात बसाल. किनाऱ्यावर मलेरिया आहे, गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. नैरोबी ते मोंबासा रेल्वे छान आहे. पुढे मालिंदीकडे जाणाऱ्या मटाटूने, म्हणजे तिथल्या वडापच्या मिनीबसने, गेडेला उतरायचं. एप्रिल-मेमध्ये पावसाचा जोर असतो. बॅगेत प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग नेऊ नका, तिथे २०१७ पासून बंदी आहे. लाडू-चिवडा डब्यातच भरा.