चेतकचा कार्बोरेटर आणि लोंगेवालाची वाळू

पावसाळाभर ठाण्यात बिल्डिंगखाली उभी असलेली जुनी टू-स्ट्रोक चेतक स्कूटर आज सकाळी सुरू झाली. किका मारून प्लग ओला येतोय तरी गाडी पकडत नाही, तर आधी कार्बोरेटरमधली फ्लोटची नीडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, बघायची. टोकाला झिजून रेघ पडली की पेट्रोल वाहतच राहतं. प्लग कोरडा असेल तर बहुतेक जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला पितळी तुकडा) चोंदलाय: उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे ऑइलचा चिकट थर उरतो. जेटमध्ये तार घालू नका हो! पितळेचं भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. पेट्रोलमध्ये भिजवा, हवा मारा, बस. टाकीत ताजं पेट्रोल, लिटरला 20 मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं, ऑइल. प्लगचा गॅप 0.6 मिमी.

रात्री राजस्थान सीमेवरच्या लोंगेवालाच्या लढाईवरचा सिनेमा. 5 डिसेंबर 1971 ची ती पहाट दरवेळी काळजाला भिडते. मेजर कुलदीपसिंग चांदपुरींचे सुमारे 120 जवान रात्रभर ठाण मांडून, समोर मऊ वाळूत रुतलेले पाकिस्तानी रणगाडे. हवाई दलाच्या हंटर विमानांना अंधारात लक्ष्य दिसायची सोयच नव्हती, म्हणून जैसलमेरहून ती उजाडल्यावर आली. तोवर भिस्त जीपवरच्या 106 मिमी रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेवर. तिच्या मागूनही जाळ निघतो, त्यामुळे पाठीमागे कुणी उभं राहायचं नसतं.