शिंदे गाव, लिस्बन आणि कायद्यातले एक कलम

लिस्बनमध्ये मी रोज सकाळी ज्या थांब्यावर बसची वाट पाहते, त्याच्या समोरच्या मोकळ्या जागेत ठरलेल्या वेळी एक व्हॅन येऊन उभी राहते आणि तिच्या खिडकीपाशी दहा-पंधरा माणसांची रांग लागते. आतली परिचारिका लहानशा प्लास्टिकच्या पेल्यात हेरॉईनच्या व्यसनावरचे मेथाडोन हे औषध ओतून देते, समोरचा माणूस ते तिच्या देखत पितो, पेला परत करतो आणि आपल्या वाटेला लागतो. पहिले वर्षभर मी त्या रांगेकडे पाहायचे टाळत असे. एकदा बसला उशीर झाला, तेव्हा ती परिचारिका पन्नाशीच्या एका गृहस्थाला पायावरची जखम दाखवायला सांगत होती आणि तो शाळकरी मुलासारखा मुकाट्याने मोजा खाली करत होता. गर्द ओढणाऱ्या माणसाशी कोणी अशा आवाजात बोलताना मी नाशिकमध्ये कधी ऐकले नव्हते.

नव्वदच्या दशकात याच शहरातल्या कझाल व्हेंतोझु या वस्तीत हेरॉईन उघड्यावर विकले आणि टोचले जात असे. पोर्तुगालची लोकसंख्या सुमारे एक कोटी, आणि त्यातले जवळजवळ एक टक्का लोक हेरॉईनच्या विळख्यात, असा तेव्हाचा अंदाज होता. प्रत्येक नात्यागोत्यात एखादा तरी असा मुलगा असल्यामुळे ‘ते लोक’ म्हणून हात झटकणे कोणालाच शक्य राहिले नाही. सरकारने १९९८ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवरून केलेला कायदा १ जुलै २००१ पासून लागू झाला. दहा दिवसांच्या सरासरी वापराइतका अमली पदार्थ स्वतःसाठी जवळ बाळगणे हा त्या दिवसापासून फौजदारी गुन्हा राहिला नाही. ही मोकळीक आहे, असा समज मात्र करून घेऊ नये. पोलीस पुडी जप्त करतात आणि त्या माणसाला कायदा, आरोग्य व समाजकार्य या क्षेत्रांतील तीन सदस्यांच्या आयोगापुढे हजर व्हावे लागते. तो व्यसनाधीन आहे की नाही हे तेथे पाहिले जाते आणि त्यानुसार उपचाराकडे वळवले जाते किंवा दंड वगैरे केला जातो. विकणाऱ्याला सवलत नाही. तस्करीसाठी चार ते बारा वर्षांचा कारावास तसाच आहे. सुयांमधून होणाऱ्या एचआयव्हीच्या नव्या लागणीचा आकडा २००० साली हजाराच्या वर होता, तो पुढे दोन आकड्यांवर आला. माझ्या मते हे श्रेय कायद्याच्या शब्दांपेक्षा त्या व्हॅनला आणि तिच्यामागे उभ्या केलेल्या दवाखान्यांना अधिक आहे. २०१२ मध्ये खर्चकपातीच्या काळात या कामाची स्वतंत्र संस्था मोडून उपचार प्रादेशिक आरोग्य यंत्रणांकडे सोपवले गेले, तेव्हा रस्त्यावरचे व्यसन पुन्हा डोळ्यांत भरू लागल्याची तक्रार येथील लोक आजही करतात.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण नाशिकरोडला आहे. वडील प्रेसमध्ये नोकरीला असल्यामुळे माझे बालपण तिथेच गेले. पुण्याकडे निघाले की लागणारे शिंदे गाव आमच्यासाठी फक्त वाटेवरचे गाव होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी त्याच गावात एमडी म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखाना उघडकीस आणला आणि एकूण सुमारे ३०० कोटी रुपये किमतीचा माल हाती लागल्याचे सांगितले, तेव्हा येथे बसून ती बातमी मी तीनदा वाचली. अशी कारवाई हवीच, आणि ती कठोरच हवी. पन्नास ग्रॅमपेक्षा अधिक एमडी सापडल्यास आपल्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात किमान दहा वर्षांची शिक्षा आहे, ती योग्यच आहे.

परंतु गेल्या दिवाळीत घरी आले असताना शेजारच्या काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दार लोटून घेऊन रडू लागल्या. त्यांचा धाकटा मुलगा पुडीसह सापडला होता. पुडीत दोन ग्रॅमसुद्धा माल नव्हता. ठाण्यात, कोर्टात, वकिलाकडे, सगळीकडे जामिनाचीच चर्चा झाली, आणि मुलगा आजारी आहे हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघाले नाही. ‘केंद्रात ठेवलं तर लोकांना कळेल गं,’ असे म्हणत काकूंनी त्याला मावशीकडे गावी पाठवून दिले होते.

१९८५ च्या त्याच कायद्यात ६४ अ हे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. एमडीसाठी अल्प प्रमाण म्हणजे दोन ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे जो दरवाजा पोर्तुगालने २००१ मध्ये उघडला, त्याच्यासारखी एक खिडकी आपल्याकडेही आहे. काकूंना तिच्याविषयी कोणी अवाक्षरही सांगितले नव्हते. मेथाडोनसारखे औषध अफूवर्गातल्या व्यसनावर चालते, एमडीवर तसे पर्यायी औषध नाही. तिथे समुपदेशन, झोप, आहार आणि महिनोन्महिने सोबत करणारी माणसे लागतात. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आहे. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांची सवय तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकदम तोडणेही धोक्याचे असते. अशी सोबत करणारी माणसे प्रत्येक तालुक्याला हवी आहेत.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अमली पदार्थविरोधी जिल्हास्तरीय समितीच्या बैठका होतात. जप्त मालाच्या आकड्याबरोबर, ६४ अ खाली किती जणांना उपचाराला पाठवले आणि त्यांतील किती जणांनी ते पूर्ण केले, हा आकडाही तिथे मांडला जावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर हे कलम आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची मदतवाहिनी साध्या मराठीत लिहिलेली असावी.

त्या दिवशी काकूंनी विजेच्या बिलाची पाठ माझ्यापुढे धरली आणि मी त्यावर कलमाचा आणि मदतवाहिनीचा, असे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लिहून दिले. बिलाची चारपदरी घडी करून त्यांनी ती पदराआड ठेवली आणि मुलाला परत बोलावण्यासाठी मावशीला फोन लावला.