घरच्या वाइन सेलरसाठी रॅकची आखणी : माझा अनुभव

रॅकची आखणी करायला घेतली तेव्हा सेलरची, म्हणजे वाइन साठवायची, खोली ठरून गेली होती. उष्णतारोधक थर आणि आतले अस्तर बसल्यानंतर आत 2.40 मीटर लांबी, 1.80 मीटर रुंदी आणि 2.30 मीटर उंची उरली होती. दार आखूड भिंतीत, मधोमध नसून थोडेसे उजवीकडे, आणि बाहेरच्या बाजूला उघडणारे होते. एवढ्या जागेत जास्तीत जास्त बाटल्या बसवायच्या होत्या. मात्र ज्या बाटलीपर्यंत पोहोचण्यासाठी दुसऱ्या दहा बाटल्या उचलून बाजूला ठेवाव्या लागतात, ती मोजणीत धरायची की नाही, हे आधी ठरवावे लागते, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच एका निर्णयावर फिरतो. रोज हाताशी लागणाऱ्या वाइनसाठी अशी बाटली मी धरली नाही. वर्षानुवर्षे मुरत ठेवायच्या वाइनसाठी मात्र धरली.

मोजणीची सुरुवात मी खोलीपासून न करता बाटलीपासून केली. 750 मिलिलिटरच्या बाटल्या क्षमतेने सारख्या असल्या तरी अंगाने सारख्या नसतात. सरळ खांद्याच्या बोर्दो बाटलीचा व्यास साधारण 76 मिलिमीटर भरतो, उतरत्या खांद्याच्या बर्गंडीचा 82 च्या आसपास, आणि शॅम्पेनच्या जाड काचेच्या बाटलीचा 88 ते 90. उंची बहुतेकींची 30 सेंटिमीटरच्या आसपास असते, पण रीसलिंग या पांढऱ्या वाइनच्या निमुळत्या बाटल्या त्याहून उंच असल्याने 30 सेंटिमीटर खोलीच्या रॅकमधून त्यांची मान बाहेर डोकावते. व्हर्नियर कॅलिपर घेऊन माझ्याकडच्या बाटल्या मोजताना आणखी एक गोष्ट दिसली: काही भारी बाटल्या खांद्याशी रुंद आणि बुडाशी अरुंद असतात. अशी एक बाटली आडवी ठेवून तिच्यावर दुसरी रचली की वरची हळूहळू तिरकी होत जाते, आणि तिसऱ्या थरापर्यंत सगळी रास एका अंगाला झुकलेली असते. या बाटल्यांना स्वतंत्र घरच हवे, अशी नोंद मी तेव्हाच केली.

मग दोन पद्धतींची तुलना केली. पहिली स्वतंत्र घरांची: प्रत्येक बाटलीला वेगळे भोक, आत 86 मिलिमीटर मोकळी जागा आणि 14 मिलिमीटरची पट्टी, म्हणजे दर 100 मिलिमीटरला एक बाटली. 2.40 मीटरच्या भिंतीवर असे 23 उभे स्तंभ बसतात, आणि खाली दहा सेंटिमीटरची बैठक सोडून दोन मीटर उंचीपर्यंत 19 आडव्या ओळी. एकूण 437 बाटल्या. दुसरी पद्धत खणांची, ज्यात बाटल्या एकमेकींवर रचल्या जातात. वरच्या ओळीतली बाटली खालच्या दोघींच्या खाचेत बसली की ओळीमागे पूर्ण व्यासाएवढी उंची लागत नाही, व्यासाच्या 0.866 पट, म्हणजे 76 ऐवजी 66 मिलिमीटर पुरतात. शिवाय दोन बाटल्यांमधली पट्टीही वाचते.

खणाची रुंदी ठरवणे हा या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग. खण बरोबर चार बाटल्यांच्या रुंदीचा केला, तर खाचेत बसणाऱ्या दुसऱ्या ओळीत तीनच बाटल्या मावतात आणि दर एका ओळीआड एक बाटली जाते. तोच खण साडेचार व्यासांचा केला की पहिली ओळ डाव्या भिंतीला टेकते, दुसरी उजव्या, आणि दोन्हींत चार-चार बाटल्या बसतात. 76 ला साडेचारने गुणले की 342; थोडी सूट धरून मी 345 मिलिमीटर रुंदी घेतली. तीन ओळींच्या बारा बाटल्या, म्हणजे एक पेटी, 208 मिलिमीटर उंचीत मावतात. वर हात घालण्यापुरती 40 मिलिमीटर जागा आणि 18 मिलिमीटरचे प्लायवुड धरले की खणाची एकूण उंची 266 होते. बर्गंडीच्या बाटल्या याच खणात चार, तीन, चार अशा अकरा बसतात, आणि त्याला माझी हरकत नव्हती. खण याहून मोठे केले असते तर कागदावरचा आकडा नक्कीच फुगला असता, पण एकाच वाइनच्या तीन डझन बाटल्या मी कधीच घेत नाही, आणि एका खणात चार प्रकार मिसळले की हवी ती बाटली नेहमी तळाशीच सापडते. चौरस तिरका उभा करून केलेले शंकरपाळ्याच्या आकाराचे खण दिसायला देखणे असतात. परंतु भिंतीच्या कडांना त्यांचे अर्धे त्रिकोण उरतात, म्हणून मी ते सोडून दिले.

आता रुंदीचा प्रश्न. दोन्ही बाजूंना 30 सेंटिमीटर खोलीचे रॅक लावले असते तर मध्ये 1.20 मीटरची वाट उरली असती. बाटली सरळ बाहेर ओढून वाकून लेबल वाचायला 75 ते 90 सेंटिमीटर पुरेसे होतात, म्हणजे उरलेली जागा वाटेवर वाया जात होती. म्हणून डाव्या बाजूचे खण मी दुहेरी खोलीचे केले: मागे बारा, पुढे बारा, सगळ्या एकाच वाइनच्या. इथे साडेचार व्यासांची रुंदी पुन्हा कामाला आली. मागच्या बाटल्यांची बुडे भिंतीकडे आणि माना पुढे, पुढच्यांची बुडे वाटेकडे आणि माना आत ठेवल्या, आणि मागची पहिली ओळ डावीकडून तर पुढची उजवीकडून सुरू केली, की समोरासमोरच्या माना एकमेकींवर न आपटता बोटांत बोटे गुंफल्यासारख्या एकमेकींच्या मधून जातात. मानेचा व्यास सुमारे 30 मिलिमीटर आणि दोन मानांच्या मध्यबिंदूंमधले अंतर 38, म्हणजे फट आठच मिलिमीटरची. पण तेवढी पुरते. त्यामुळे 60 ऐवजी 53 सेंटिमीटर खोलीत काम भागले आणि वाट 97 सेंटिमीटरची राहिली, तीही नेमकी दारासमोर.

दुहेरी खोली मी छतापर्यंत नेली नाही. डोक्याच्या उंचीवरच्या खणात मागची बाटली चाचपडत काढणे मला धोक्याचे वाटले. खालच्या चार ओळींत प्रत्येकी सहा खण, म्हणजे 24 खणांत 576 बाटल्या. त्यावर जमिनीपासून 1.16 मीटरवर संपणारी फळी. आणि त्या फळीच्या मागच्या अर्ध्या भागावर स्वतंत्र घरांच्या नऊ ओळी, 207 बाटल्यांच्या. फळीचा पुढचा भाग मोकळा राहिल्याने बाटली उभी करायला आणि वहीत नोंद करायला जागा मिळाली. सहा खणांनंतर उरलेल्या सुमारे वीस सेंटिमीटरच्या उभ्या पट्ट्यात दीड लिटरच्या मॅग्नम बाटल्या ठेवल्या.

उजव्या भिंतीवर सगळी स्वतंत्र घरेच आहेत. शॅम्पेन 86 मिलिमीटरच्या घरात जात नाही. तिच्यासाठी संपूर्ण भिंतीची मापे 110 मिलिमीटरवर नेली असती तर 437 वरून आकडा 357 वर आला असता. त्याऐवजी खालच्या तीनच ओळी रुंद केल्या. तिथे 63 आणि वरच्या पंधरा ओळींत 345, अशा 408 बाटल्या झाल्या. जड बाटल्या खाली, हेही त्यात आपोआप साधले. दोन्ही बाजू मिळून एकूण 1191, मॅग्नम वेगळ्या.

भरलेली बाटली सरासरी 1.3 किलोची धरली तरी हे वजन दीड टनाच्या वर जाते. एकट्या डाव्या रॅकखाली दर चौरस मीटरला सुमारे 800 किलो येतात, आणि घरातल्या वरच्या मजल्याची साधी जमीन बहुधा 150 ते 200 किलोंच्या हिशेबाने बांधलेली असते. माझी खोली थेट मातीवर टेकलेल्या काँक्रीटवर आहे, म्हणून पुढे गेलो. वरच्या मजल्यावर असती तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय एक फळीही लावली नसती. रॅक भिंतीला जखडण्यासाठी लाकडी पट्ट्या बाष्परोधक पडद्याच्या आधीच भिंतीत बसवून घेतल्या आणि स्क्रू जिथे पडद्यातून जातात ती प्रत्येक जागा सीलंटने बंद केली. तिथून ओल आत शिरली तर ती उष्णतारोधक थरात दिसेनाशी मुरत राहते.

सुतारकामाआधी एकच खण कच्च्या प्लायवुडचा करून भरून पाहिला. सुताराने पुढच्या कडेला दोन सेंटिमीटर उंचीची आडपट्टी सुचवली, कारण पुढच्या बाटल्यांची बुडे वाटेकडे असल्याने मागच्या थराला धक्का लागला की पुढचा थर तसूभर पुढे सरकत होता. ती पट्टी आता प्रत्येक खणाला आहे.

दारासमोरची आखूड भिंत मात्र रिकामीच ठेवली आहे. तिथे आणखी काही ओळी सहज बसल्या असत्या, पण वरच्या भागात शीतयंत्र आहे. ते 12 ते 13 अंश तापमान राखते, आणि त्याला हवा ओढायला व सोडायला समोर मोकळी जागा लागते. रॅकच्या वर छतापर्यंत सोडलेले अंतरही त्याच कारणासाठी आहे. त्या भिंतीच्या पायथ्याशी मी फक्त न उघडलेल्या लाकडी पेट्या ठेवतो, दोनांवर तिसरी न चढवता, म्हणजे यंत्राची पाण्याची नळी तपासायला पुढे जाता येते.