तुम्ही विचारलंत म्हणून: एका स्कीमने असा काय फरक पडतो?

"दोनशे फ्लॅटची स्कीम, तिने असा काय फरक पडणार आहे, मॅडम?" हा प्रश्न मला बिल्डर विचारतात, फ्लॅट बुक करणारे विचारतात, लेआउटला, म्हणजे प्लॉट पाडायला शेत देणारेही विचारतात. अमळनेरकडचे एक आप्पा तर सरळच म्हणाले, "काय फरक पडस, ताई?" नव्या वसाहतींमुळे रस्त्यावर किती वाहनं वाढतील याचे अहवाल करणं हे माझं काम. जळगाव आणि धुळे या दोन शहरांच्या कडेनेच ते बहुतेक चालतं.

एका स्कीमने खरंच फारसा फरक पडत नाही. म्हणूनच एकट्या स्कीमचा अहवाल मला अपुरा वाटतो.

समजा, एका चौकाची गर्दीच्या तासातली क्षमता 100 आहे आणि आज तिथे 80 वाहनं येतात. नवी स्कीम 5 वाढवते. अहवालात लिहिलं जातं, 'वाढ किरकोळ, परिणाम नगण्य'. पुढच्या वर्षी शेजारच्या गटात, म्हणजे शेजारच्या गट नंबरच्या जमिनीवर, दुसरी स्कीम येते, तीही 5 च वाढवते. मग तिसरी. रांगेचं अगदी साधं गणित लावलं, म्हणजे एकच रांग आणि वाहनं कधीही येणार असं धरलं, तर 80 ला चौकात एका वेळी सरासरी 4 वाहनं असतात. 85 ला पाच-सहा, 90 ला 9 आणि 95 ला 19. चौथी स्कीम आली की येणारी वाहनं क्षमतेइतकी होतात आणि गर्दीचा तास संपेपर्यंत रांग वाढतच राहते. चौघांनी सारखीच भर घातली, पण पहिल्याने दीड-दोन वाहनांची रांग वाढवली आणि तिसऱ्याने दहाची. चारही अहवालांत मात्र 'नगण्य' हाच शब्द, आणि एकेकटा वाचला तर चुकीचा म्हणता येणार नाही असा.

म्हणून मी आजच्या मोजणीवर थांबत नाही. त्याच चौकातून ये-जा करणारे जे जे लेआउट मंजूर झालेत, ज्यांचं बांधकाम चालू आहे, जिथे निम्मे प्लॉट अजून रिकामे आहेत, त्या सगळ्यांची वाहनं आधी मिळवते, शहराची दरवर्षीची वाढ धरते आणि मग नव्या स्कीमचा आकडा त्यावर ठेवते. बिल्डरांना हे अन्यायाचं वाटतं. "दुसऱ्याच्या गाड्या माझ्या खात्यावर का?" त्यांची तक्रार मला समजते, पण रस्ता सगळ्यांचा एकच असतो.

मोजणी कधी करायची, यावरही बरंच अवलंबून असतं. मे महिन्यात शाळा बंद असताना मोजलेला चौक जूनमध्ये ओळखू येत नाही. आपल्याकडे कापसाचा हंगामही धरावा लागतो. दिवाळीनंतर जिनिंगकडे, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्याकडे, जाणारा एक ट्रॅक्टर उजवीकडे वळताना बघा. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी कापूस बाहेर आलेला असतो, त्यामुळे चालकाला मागचं काही दिसत नाही. समोरून ट्रक येतोय म्हणून तो चौकाच्या मधोमध थांबतो. मागची शाळेची रिक्षा थांबते, दुचाक्या डावीकडून घुसतात आणि पलीकडून येणाऱ्या सायकलवाल्याला जागाच उरत नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत कोणतं वाहन रस्ता किती अडवतं ते कारच्या तुलनेत मोजलंय: कार 1, दुचाकी अर्धी ते पाऊण आणि ट्रॅक्टर-ट्रॉली 4 ते 5 धरली आहे. चौकात नुसती वाहनांची संख्या मोजली तर हा ट्रॅक्टर एका स्कूटीइतकाच भरतो.

जळगावात हे जास्त जाणवतं, कारण पूर्वीचा 6 क्रमांकाचा आणि आताचा 53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग शहराच्या मधून गेला आणि वस्ती त्याच्या दोन्ही अंगांना वाढली. मुलाला शाळेत सोडायला निघालेली आई आणि सुरत-नागपूर पट्ट्यातला ट्रक एकाच डांबरावर येतात. समांतर रस्त्यांसाठी इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला तो उगाच नाही.

कायद्याची चाळणीही एकेका प्रकल्पापुरतीच आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि त्यात वाहतुकीबद्दलही विचारलं जातं. 15,000 चौरस मीटरच्या चार वेगवेगळ्या मालकांच्या स्कीम शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या तर बांधकाम 60,000 होतं, पण त्या चाळणीत एकही अडकत नाही. यात कुणी लबाडी केलेली असेलच असं नाही. बेरीज करायची जबाबदारीच कुणावर नसते.

मला सगळ्यात जास्त खटकतात ती लेआउटची तोंडं, म्हणजे मोठ्या रस्त्यावर निघायच्या वाटा. एका गटातला अंतर्गत रस्ता शेजारच्या गटाच्या तारेच्या कुंपणाला जाऊन संपतो. पलीकडे तसाच दुसरा रस्ता त्याच कुंपणाशी येऊन थांबलेला असतो. मध्ये दहा पावलांचं अंतर. ते जोडलं असतं तर पलीकडच्या किराणा दुकानात जायला मोठ्या रस्त्यावर यावंच लागलं नसतं. आता प्रत्येक लेआउट हमरस्त्यावर स्वतःचं तोंड उघडतो, आणि प्रत्येक तोंडाशी उजवं वळण आलंच. रस्ता रुंद करण्यापेक्षा ही तोंडं कमी करणं कितीतरी स्वस्त आहे, पण ते मंजुरीच्या टेबलावर, दोन्ही नकाशे शेजारी ठेवूनच होऊ शकतं. घरं बांधून झाली की ती दहा पावलं कुणी सोडत नाही.

तेव्हा बुकिंग करण्याआधी मला विचारायचंच असेल तर या स्कीमने किती गाड्या वाढतील हे विचारू नका. त्या चौकाला लागून आणखी किती लेआउट मंजूर आहेत, विकास आराखड्यातल्या डीपी रस्त्याची जागा ताब्यात आली आहे का, आणि या सगळ्यांकडून घेतलेल्या विकास शुल्कातलं त्या चौकावर काय खर्च होणार आहे, हे विचारा. मला नाही, तर नगररचना विभागात जाऊन लेखी विचारा.