रानमोडीचा नकाशा : माझा अनुभव

घाणेरी (टणटणी) खाल्लेली गाय लांबून ओळखू येते. एचएफ, म्हणजे काळी-पांढरी होल्स्टीन संकरित असेल तर लगेच. पांढऱ्या ठिगळांवरची कातडी उन्हानं करपून सोलते, शेजारचं काळं ठिगळ जसंच्या तसं असतं. डोळे पिवळे पडतात आणि गाय सावली सोडत नाही. घाणेरीतलं विष यकृतावर बसतं, मग साधं ऊनसुद्धा बाधतं. राधानगरी तालुक्यात, भोगावतीच्या वरच्या खोऱ्यात मी जनावरांचे औषधोपचार करत फिरतो. त्यामुळं घाणेरी मला गोठ्यातूनच माहीत होती. रानमोडी या तणाचं प्रकरण गुराख्यांकडून कळलं. गायरानात गवत उरलं नाही, सगळीकडं रानमोडीच, ही तक्रार वाडीवाडीत ऐकू येते. तिला जनावर तोंड लावत नाही म्हणून ती माजते, आणि ती माजली की उपाशी जनावर बांधाकडेच्या घाणेरीत तोंड घालतं.

अशातच इकडच्या एका गावात लोकजैवविविधता नोंदवहीचं काम निघालं. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं गावानं समिती नेमून ही वही ठेवायची असते. पिकं, फळझाडं, चारा यांच्या जोडीला तिच्यात तणांचाही तक्ता असतो. त्या तक्त्यात 'गाजर गवत, केंदाळ' (म्हणजे जलपर्णी) एवढंच लिहिलेलं होतं. मी म्हटलं, रानमोडी आणि घाणेरी घाला. सरपंच म्हणाले, "घालूया की डॉक्टर, पण कुठं हाय, किती हाय, ते काय लिवायचं?" (मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे. पण गोठ्यात सिरिंज घेऊन शिरेल तो डॉक्टर, असा इकडचा रिवाज.) त्या 'कुठं आणि किती'पायी मी ऑनलाइन डेटाबेसच्या नादी लागलो.

पहिल्यांदा उघडला तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या तज्ज्ञगटाचा ग्लोबल इन्व्हेजिव्ह स्पीशीज डेटाबेस. आपल्या गावात काय कुठं आहे ते इथं मिळत नाही. झाडाची कुंडली मिळते: मूळ कुठलं, बी कसं पसरतं, कशानं मरतं, कशानं मरत नाही. याच गटानं २००० साली जगातल्या शंभर महाउपद्रवी प्रजातींची यादी काढली होती. घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ, केंदाळ, सगळी मंडळी तिच्यात हजर. बंगल्यांच्या दारात आणि दुभाजकांवर हौसेनं लावतात ती पिवळ्या फुलांची वेडेलियासुद्धा आहे. गाजर गवत मात्र नाही! पन्नाशीच्या दशकात पुण्यात नजरेस पडलं आणि बघता बघता देशभर झालं, ज्याच्या नावानं दर ऑगस्टमध्ये जागृती सप्ताह होतो, ते नाही म्हटल्यावर मी चक्रावलो. खुलासा तिथंच होता. ही यादी क्रमवारी म्हणून केलेलीच नाही, एका जीनसमधली (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातली) एकच जात उदाहरणादाखल घेतली आहे. तेव्हा 'यादीत नाही म्हणजे निरुपद्रवी' असा अर्थ कुणी काढू नये.

रानमोडीच्या माहितीत माझं लक्ष अडकलं ते आगीपाशी. वाळलेली रानमोडी भडकन पेटते, वरचा सांगाडा जळतो आणि पावसाबरोबर बुडख्यातून पुन्हा धुमारे येतात. शिवाय आजूबाजूचं म्हातारीसारखं उडणारं बी भाजलेल्या मोकळ्या जमिनीवर येऊन पडतं. आमच्याकडं उन्हाळ्याच्या तोंडावर माळाला काडी लावतात, म्हणजे पुढं गवत जोमानं येतं असं म्हणतात. माळावर गवत होतं तोवर ते खरंही असेल.

मग जीबीआयएफ, म्हणजे ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी. २००१ पासून चाललेल्या या जागतिक संस्थेचं कार्यालय कोपनहेगनला आहे. संग्रहालयातले नमुने, विद्यापीठांचे वनस्पतिसंग्रह, लोकांनी मोबाइलवरून केलेल्या नोंदी, असं सगळं तिथं एकत्र येतं. नकाशावर बोटानं आपल्या भागाभोवती कुंपण काढायचं, झाडाचं शास्त्रीय नाव टाकायचं, की ठिपके दिसतात. मी कुंपण घातलं. ठिपके होते ते दाजीपूरच्या बाजूला आणि मोठ्या रस्त्याच्या कडेनं. ज्या वाड्यांवर मी रोज रानमोडी बघतो तिथं सगळं कोरं. यात नवल नाही. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ पासूनचं, राधानगरीचं जंगल २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेलं. कॅमेरे गळ्यात घालून माणसं येतात ती तिकडं. वाडीवरच्या गायरानात रानमोडीचा फोटो काढायला कोण येणार? कोऱ्या जागेचा अर्थ 'इथं कुणी बघितलं नाही' असाच घ्यायचा, हे मी तेव्हापासून पक्कं धरलं.

दोन बारीक गोष्टी तिथंच लक्षात आल्या. जुन्या नमुन्यांवर कधी नुसतं गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव असतं आणि ठिपका भलतीकडंच पडतो. म्हणून प्रत्येक नोंदीत 'अनिश्चितता किती मीटर' हा रकाना बघायचा, आणि तो रिकामा असेल तर त्या ठिपक्याच्या भरवशावर कोयता घेऊन निघायचं नाही. दुसरं, शास्त्रीय नावंही बदलतात. केंदाळ जुन्या कागदांत आयकॉर्निया आहे, आता पाँटेडेरिया. दोन्ही नावं टाकून शोधलेलं बरं.

स्वतःच्या नोंदींसाठी मी आयनॅचरलिस्ट हे ॲप घेतलं. २००८ पासूनचं इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलही चांगलं आहे, पण माझ्या जुन्या फोनवर आयनॅचरलिस्ट नीट चाललं, एवढंच कारण. खातं उघडणं सोपं. वाडीवर रेंज नसते, तरी जीपीएस रेंजविना चालतं, त्यामुळं नोंद फोनमध्ये साठवायची आणि राधानगरीच्या स्टँडवर आलं की चढवायची.

फोटोची गोम कळायला वेळ लागतो. लांबून काढलेला हिरवा ढीग कुणालाच ओळखता येत नाही, यंत्रालाही नाही. रानमोडीचं एक पान खुडून तळहातावर पालथं घालायचं. देठाच्या जरा वर तीन शिरा त्रिशुळासारख्या फुटलेल्या दिसतात, त्या स्पष्ट आल्या पाहिजेत. मग समोरासमोर पानं असलेला पेर, मग फुलोरा असेल तर तो. पान चुरगळल्यावर येणारा उग्र वास काही फोटोत येत नाही, तो टिपणात लिहायचा. ॲप स्वतः नाव सुचवतं. मोठ्या झुडपाला ते सहसा चुकत नाही, कोवळ्या रोपाला मात्र कधी ओसाडी या दुसऱ्या तणाच्या गोतावळ्यात नेऊन बसवतं.

त्यानंतर ओळख पटवायची इतर सदस्यांनी. निदान दोघांचं आणि दोनतृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं की नोंद 'रिसर्च ग्रेड' होते. नोंदीचा परवाना CC0, CC BY किंवा CC BY-NC यांपैकी एखादा खुला परवाना असेल तर पुढं ती जीबीआयएफमध्येही जाते. पण इथं एक गंमत आहे. सड्यावरचं एखादं आमरीचं (ऑर्किडचं) फूल टाकलं की तासाभरात तज्ज्ञ मंडळी धावून येतात. रानमोडीला कुणी विचारत नाही. तणाचं कौतुक कुणाला? माझ्या नोंदी नुसत्या लोंबकळत पडल्या. मग मी दुसऱ्यांच्या घाणेरी-रानमोडीच्या नोंदी तपासून दुजोरा द्यायला लागलो, आणि हळूहळू त्यातलेच काहीजण माझ्याकडं वळले. भावकीतल्या आहेरासारखंच आहे ते.

आणि हो, कुंपणाला किंवा कुंडीत मुद्दाम लावलेलं झाड असेल तर 'लागवडीचं' अशी खूण करायची. ही खूण राहिली की वेडेलिया सगळ्या शहरभर रानटी झाल्यासारखी दिसते.

एकट्यानं सगळं होणार नव्हतं, म्हणून दूध संस्थांच्या सेक्रेटरींना सांगितलं की वाटेत दिसेल त्याचे फोटो पाठवा. व्हॉट्सॲपवर ढिगानं फोटो आले आणि सगळे कुचकामी. व्हॉट्सॲप फोटो आवळतं तेव्हा त्यातली जागा आणि वेळ पुसून टाकतं. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर माहिती शाबूत राहते, मात्र कॅमेऱ्यात लोकेशन आधीपासून चालू हवं. एवढी एक गोष्ट समजावून दिल्यावर काम मार्गी लागलं.

लोकांच्या शंका वेगळ्याच होत्या. एका तात्यांनी मला बांधावरच अडवलं.

"ह्यो फोटू सरकारला जातोय काय? उद्या म्हणतील, रान पडीक हाय, घ्या काढून."

मी त्यांना फोन दाखवला. नाव नाही, गट नंबर नाही, फक्त झुडूप. पण ठिपका तर त्यांच्या रानातच दिसत होता, आणि तात्यांना नकाशा चांगला कळत होता. जागा झाकायची सोय ॲपमध्ये आहे, पण मग ठिपका वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठंही पडतो, म्हणजे आमच्या कामाला निकामी. शेवटी ठरवलं की गायरान, रस्त्याची कड आणि ओढ्याचा काठ उघड नोंदवायचा, मालकी रानात मालक 'हो' म्हणाला तरच. तात्या अजून हो म्हणालेले नाहीत. त्यांचं म्हणणं मला चुकीचंही वाटत नाही.

नोंदी पुरेशा झाल्यावर मी आमच्या भागापुरती फाइल उतरवून घेतली, एक्सेलमध्ये वाडीवार लावली आणि नकाशा छापून ग्रामसभेत लावला. ठिपके दूध गाडीच्या रस्त्यानं चढत गेलेले सगळ्यांनाच दिसले. रानमोडीचं बी वाऱ्यानं उडतं तसं कपड्यांना, जनावरांच्या अंगाला, गाड्यांनाही चिकटून जातं. चर्चा बरीच झाली, निर्णय दोनच झाले: गायरानाचा वरचा तुकडा आधी साफ करायचा, आणि फुलोरा येताना, बी धरायच्या आत. घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांच्या गटाची पद्धत मी सांगितली. बुंधा जमिनीखाली दीड-दोन इंचांवर मुळाशी छाटायचा आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे परत मूळ धरत नाही. नुसतं वरून कापलं की ती दुप्पट जोमानं फुटते, हे तर बायकांनाच माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

साफ केल्यावर आयनॅचरलिस्टची मर्यादा समोर आली. 'त्या दिवशी हे झाड इथं होतं' एवढंच तिथं लिहिता येतं. 'बघितलं, नाही' असं लिहायला जागाच नाही. काढून टाकलेल्या रानमोडीचा ठिपका जागच्या जागी राहतो. म्हणून मी एक साधी वही ठेवली आहे: जागा, तारीख, अंदाजे किती गुंठे, काढली कधी. पावसाळ्यानंतर त्याच जागी परत जायचं. उगवली असेल तर ॲपवर नवी नोंद, नसेल तर वहीत 'नाही'. गावाच्या तणांच्या तक्त्यात आता या वहीवरून भर पडते.

गायरानाच्या वर जंगलाची हद्द लागते. तिथं आम्हाला कोयता लावता येत नाही, आणि बी तर तिथूनच खाली येतं. त्या बाजूच्या ठिपक्यांची यादी काढून वनपालांकडं दिली आहे.